जुन्या मोज्यांचं काय करायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत गेली काही वर्षं मी जुने मोजे गोळा करते. जूनमध्ये शाळा उघडल्या की आदल्या वर्षीचे पांढरे मोजे आखूड झालेले असतात, आणि ते पिशव्या भरभरून माझ्या दाराशी येतात. रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जणी आणि जमतील तेवढी पोरं बसून त्यांच्या वस्तू करतो. तिथे, जिन्यात, वाण्याच्या दुकानात, अगदी लग्नाच्या पंगतीतही मला जे विचारलं गेलं ते इथे एकत्र केलं आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं त्यातूनच येतात. मोजा म्हणजे नुसता कापडाचा तुकडा नव्हे. ती आयती विणलेली नळी आहे. तिला टाचेचा फुगवटा आहे, एक टोक बंद आहे आणि दुसऱ्या टोकाला इलॅस्टिक आहे. साडी किंवा धोतर फाडून गोधडी करताना आपण कापडाला आकार देतो. मोज्याला आकार असतोच, तो ओळखायचा आणि कात्री जमेल तितकी दूर ठेवायची.

बोहारीण मोजे का घेत नाही?

कारण तिच्याकडून पुढे कोणी घेत नाही. पँट, शर्ट, साडी धुऊन-शिवून जुन्या बाजारात पुन्हा विकली जाते, पण वापरलेला मोजा कोणी विकत घेत नाही. यंत्रावर फाडून त्याचं सूत काढणंही कठीण. हरियाणातलं पानिपत हे जुन्या लोकरी कपड्यांचं पुन्हा सूत करणारं फार मोठं केंद्र आहे. तिथे कपडे रंगांप्रमाणे वेगळे करतात, बटणं-चेन काढतात, मग फाडून त्यांची घोंगडी विणतात. मोज्यात मात्र सुती, नायलॉन, पॉलिस्टर आणि ताणला जाणारा इलॅस्टेन हे धागे एकाच विणीत गुंतलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत, आणि इलॅस्टेन तर फाडतानाही ताणलाच जातो. म्हणून मोजा घरातून बाहेर पडला की जवळपास नक्की कचऱ्यात जातो. त्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो घरातच व्हायला हवा.

कोणते मोजे ठेवायचे आणि कोणते टाकायचे?

टाच किंवा अंगठा फाटलेला, इलॅस्टिक सैल झालेला, आखूड झालेला, जोडीदार हरवलेला: हे सगळे ठेवा. ज्याच्या पायाला चिखल्या किंवा गजकर्ण झालं आहे, त्याचे मोजे मी घेत नाही. ती बुरशी साध्या कोमट पाण्यात मरत नाही. तुमच्याच घरातले असतील आणि टाकवत नसतील तर ६० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात धुवा, आणि तरीही स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खेळण्यात वापरू नका. संडास-बाथरूम पुसायला चालतील.

विणीतून आरपार दिसू लागलेला, बोट घातलं की फाटणारा मोजा टाकून द्या. त्याच्यावर घातलेला वेळ वाया जातो.

कितीही धुतले तरी वास जात नाही. काय करू?

वास घामाचा नसतो, घामावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. पॉलिस्टर तो सुती कापडापेक्षा जास्त धरून ठेवतं, म्हणून खेळाचे मोजे सगळ्यात हट्टी. आधी मोजा उलटा करा. सगळा मळ आतल्या बाजूला असतो आणि आपण नेमकी बाहेरची बाजू घासत बसतो. अर्धी बादली पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून तासभर भिजवा, पिळा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात साबणाने धुवा. वाळत घालताना उलटेच, कडक उन्हात.

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एका बादलीत घालू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

मोजा सुती आहे की नायलॉनचा, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला कमी वेळा विचारला जातो, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. नायलॉन आणि पॉलिस्टर उष्णतेने वितळतात आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. तेव्हा विस्तवाजवळ जाणारी वस्तू करायची असेल तर परीक्षा केल्याशिवाय करू नका.

मोज्याच्या कडेचे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर निरांजनाच्या ज्योतीला लावा. सुती धागा भरभर पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटाने चुरडेल अशी मऊ राख राहते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. नायलॉन-पॉलिस्टर आधी आक्रसतात, वितळतात आणि थंड झाल्यावर मण्यासारखी टणक गोळी उरते. धागा पेटला, कागदाचा वास आला आणि तरीही गोळी उरली, तर मिश्रण आहे. बाजारातले बहुतेक मोजे मिश्रणाचेच असतात. शाळेचे गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे माझ्या परीक्षेत जवळजवळ दर वेळी गोळीच देतात.

मुलांना हे करायला देऊ नका, शेजारी बसवून दाखवा. त्यांना ते फार आवडतं.

कापल्यावर कड गुंडाळली जाते आणि फासे सुटत जातात. माझं काही चुकतंय का?

नाही, विणीचा तो स्वभाव आहे. शर्टाचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं. मोजा एकेका फाशात दुसरा फासा अडकवून विणलेला असतो, म्हणून एक फासा तुटला की त्याच्या रांगेतले सुटू लागतात. कापलेल्या कडेला लगेच काजटाका घाला किंवा कड आत दुमडून शिवा. मशीन असेल तर नागमोडी टीप मारा. सरळ टीप ताणल्यावर तुटते. हाताने शिवणार असाल तर धावदोरा टाळा आणि उलटी टीप घाला, ती थोडी ताणली जाते. सुई गोल टोकाची मिळाली तर उत्तम, टोकदार सुई धाग्यातून आरपार जाऊन फासे तोडते.

शिवणयंत्र नसलं तरी काही अडत नाही. या पानावरची प्रत्येक वस्तू हाताने होते.

मला शिवता येत नाही. सुरुवात कशाने करू?

हातात मोजा चढवा आणि खिडकीचे गज पुसा. गंमत म्हणून सांगत नाही. फडक्याने गज पुसताना आपण पुढून पुसतो, मागची धूळ तशीच राहते. मोजा घातलेल्या मुठीत गज धरून वरून खाली एकदा ओढला की चारी बाजू निघतात. पंख्याच्या पात्यालाही तेच: लांब मोजा उशीच्या अभ्र्यासारखा पात्यावर चढवा आणि ओढून काढा, धूळ अंथरुणावर न पडता मोज्यात येते. मराठीत आपण पायमोजा आणि हातमोजा दोन्हींना मोजाच म्हणतो, तेव्हा पायातला हातात आला यात नवल नाही.

आणखी काही बिनशिवणीच्या गोष्टी: खुर्चीच्या पायांना बाळाचे मोजे घाला, खालच्या मजल्यावरची कुरबुर थांबते. रांगणाऱ्या बाळासाठी मोज्याचा पंजा कापून नुसती नळी गुडघ्यावर चढवा, मात्र इलॅस्टिक सैल झालेलंच घ्या, घट्ट असेल तर मांडीवर वळ उठतो. टोमॅटोचं किंवा मिरचीचं रोप काठीला बांधायला मोज्याची आडवी पट्टी वापरा. सुतळी खोडात रुतते, ही पट्टी रोपाबरोबर सैल होते.

गरम भांडं उचलायचं फडकं मोज्यांपासून होतं का?

होतं, आणि फार सुंदर होतं. आमच्या रविवारच्या बैठकीत सगळ्यात जास्त हेच विणलं जातं. एक नियम मात्र मोडायचा नाही: मोजे परीक्षेत राख देणारे, म्हणजे सुतीच हवेत.

एक टाकाऊ लाकडी फोटोफ्रेम घ्या, आतलं माप साधारण १६ सेंटिमीटर चौरस. चारी बाजूंना सारख्या अंतरावर १४-१४ बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोका, डोकी अर्धा सेंटिमीटर वर राहू द्या. मोज्याच्या पोटरीकडच्या भागाच्या आडव्या कड्या कापा, प्रत्येक कडी अडीच सेंटिमीटर रुंद. मोठ्यांच्या एका लांब मोज्यातून सात-आठ निघतात. फडक्याला २८ लागतात, म्हणजे चार मोजे. कडी ओढून पाहा. ती आपोआप गुंडाळून जाड दोरीसारखी होते, आणि आधीच्या प्रश्नात जी तक्रार होती तीच इथे कामाला येते: कड आत गेल्यामुळे काही शिवावं लागत नाही.

१४ कड्या उभ्या ताणून लावा. मग एकेक आडवी कडी घेऊन एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी चटईसारखी न्या, पुढची ओळ उलट. शेवटच्या दोन-तीन ओळींना बोटं शिणतात, तिथे क्रोशाची सुई वापरा. विणून झालं की कोपऱ्यापासून कडा बंद करायच्या: पहिला फास चुकेवरून काढा, त्यातून शेजारचा ओढा, त्यातून त्याच्या शेजारचा. चौफेर फिरून आलात की शेवटचा फास मोकळा राहतो. तोच भिंतीवर टांगायला ठेवा.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत मोज्यांच्या गिरण्यांमध्ये पंजा शिवताना उरणाऱ्या कड्यांपासून अशी फडकी विणायची पद्धत पडली आणि १९३० च्या दशकापासून मुलांसाठी त्याचे छोटे माग विकले जाऊ लागले. आमच्याकडे पहिलं फडकं विणलं तेव्हा एका आजीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर खाटेच्या नवारीचा उभा-आडवा." त्यानंतर आम्ही सगळ्यांना तसंच शिकवतो, आणि बायकांना लगेच कळतं.

फडकं ओलं असताना गरम भांड्याला लावू नका. पाण्यातून उष्णता झटकन हाताला पोचते.

नायलॉनच्या मोज्यांच्या कड्यांचं काय?

पायपुसणं करा. कडीत कडी अडकवून, रबरबँड जोडतात तशी, लांबच लांब दोरी करा. तिच्या तीन पदरांची वेणी घाला आणि ती वेणी चकलीसारखी गोल फिरवत शेजारच्या वेढ्याला शिवत जा. शिवताना ओढून धरलीत तर मधोमध फुगवटा येऊन पायपुसण्याची टोपी होते, म्हणून जमिनीवर सपाट ठेवूनच शिवा. पुढच्या दारापुरतं करायला मला पंचवीसेक जोड्या लागल्या. फरशी गुळगुळीत असेल तर खाली जुन्या रबरी चटईचा तुकडा शिवायला विसरू नका, घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी करा.

मोज्यात तांदूळ भरून शेकायची पिशवी करतात. सुरक्षित आहे का?

करायची पद्धत बरोबर असेल तर आहे. आपल्याकडे ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची रीत आहेच, ही तिचीच मोठी बहीण.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. मोजा सुती आहे असं समजून मी तांदूळ भरला, गाठ मारली आणि अख्खा मोजा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. दोन मिनिटांत जळका वास आला. काढून पाहिलं तर टाचेजवळ रुपयाएवढं तपकिरी भोक पडलं होतं, कडेचा धागा वितळून दाण्यांना चिकटला होता, आणि आतला तांदूळ इतका तापला होता की ताटलीत ओतल्यावरही बराच वेळ हात लावता येईना. टाच आणि पंजा मजबूत व्हावा म्हणून तिथे नायलॉन जास्त घालतात, आणि मी परीक्षा केली होती पोटरीच्या धाग्याची.

तेव्हापासून मी मोजा तापवतच नाही. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची छोटी पिशवी शिवा. दोन वाट्या तांदूळ आणि चमचाभर ओवा कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, हाताला सोसेल इतकेच गरम करा, पिशवीत ओता, तोंड बांधा आणि मग ती मोज्यात सरकवा. मोजा फक्त खोळ म्हणून. मोज्याच्या लांबीमुळे ती मानेभोवती छान बसते, कंबरेखाली सरकत नाही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. ज्यांना मधुमेहामुळे पायाला चटका जाणवत नाही त्यांच्या पायाला हा शेक देऊ नका, आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोपताना अंगाखाली घेऊ नका. तांदूळ महिन्याने बदला, नाहीतर पोरकिडे होतात.

मोज्यांची माकडं-बाहुल्या कशा करतात?

मोज्यांचं माकड अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावाशी जोडलेलं आहे. तिथल्या नेल्सन निटिंग कंपनीने नकली मालापासून आपले कामगारांचे मोजे ओळखू यावेत म्हणून १९३२ पासून टाच लाल विणायला सुरुवात केली. घरोघरच्या बायकांनी त्या जुन्या मोज्यांची माकडं केली, आणि लाल टाच म्हणजे माकडाचं तोंड झालं. या बाहुलीचं पेटंट १९५५ मध्ये कंपनीला मिळालं, आणि मोज्यांच्या जोडीबरोबर माकड कसं करायचं याची कृती येऊ लागली. मोज्याचा आकार ओळखणं म्हणजे काय, हे मला या माकडाइतकं कशानेच पटलं नाही.

दोन मोजे लागतात. पहिला उलटा करून सपाट ठेवा, टाच वर. इलॅस्टिकच्या टोकापासून टाचेकडे मधोमध उभी रेघ काढा आणि टाचेच्या सात-आठ सेंटिमीटर अलीकडे थांबा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी उलटी टीप घाला, दोन पायांच्या मध्ये थोडी फट उघडी ठेवा, मगच कापा. या फटीतूनच मोजा सुलटा करायचा आणि भरायचा. टाच म्हणजे बूड, पंजा म्हणजे डोकं. दुसऱ्या मोज्याची टाच कापून तोंड, पोटरीचा भाग उभा कापून दोन हात, कडेच्या लांब पट्टीची शेपटी आणि पंज्याच्या तुकड्यांचे कान. तोंड शिवताना खालची बाजू आधी टाचा, आत भराव घाला, मग वरची. इथे घाई केली की माकड रुसल्यासारखं दिसतं.

भरावाला मोज्यांचीच कातरण वापरता येते, पण नखाएवढे तुकडे करावे लागतात, मोठे राहिले तर गाठी लागतात. जुन्या उशीतला सावरीचा कापूस असेल तर त्याहून छान. डोळे बटणांचे करू नका. तीन वर्षांखालचं मूल प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं आणि चघळून ओला झालेला दोरा सुटतो. डोळे काळ्या दोऱ्याने भरा.

मुलांना स्वतः काय करता येईल?

लगोरीचा चेंडू. चार-पाच मोजे घट्ट गुंडाळा, सगळ्यात वर ताणला जाणारा मोजा चढवा, पीळ द्या, पुन्हा उलटा चढवा, पुन्हा पीळ द्या, शेवटचं तोंड शिवा. पाठीत बसला तरी लागत नाही आणि काच फुटत नाही. पावसात भिजला की मात्र जड होतो आणि चांगलाच लागतो, तेव्हा तो घरातच खेळायचा.

बोलक्या बाहुल्याही पोरं अर्ध्या तासात करतात: हात मोज्यात, अंगठा टाचेत, चार बोटं पंज्यात, मधली घडी म्हणजे तोंड.

एकटा मोजा फेकू का, जोडीदार सापडेल म्हणून ठेवू?

एक डबा ठेवा. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत जोडीदार सापडला नाही तर वापरायला घ्या.

पावसाळ्यात काही उपयोग?

मोज्यात लाकडी कोळशाचे तुकडे भरून तोंड बांधा आणि रात्रभर ओल्या बुटात ठेवा. बाहेरून दुसरा मोजा चढवा म्हणजे काळं लागणार नाही. ओल आणि वास दोन्ही कमी होतात, आणि ऊन पडलं की कोळसा वाळवून पुन्हा वापरता येतो. बूट चिंब असेल तर आधी वर्तमानपत्राचे बोळे भरा.

कपाटासाठी कडुनिंबाची नीट वाळलेली पानं आणि थोड्या लवंगा मोज्याच्या पंज्यात बांधून ठेवा. पान ओलसर राहिलं तर त्यालाच बुरशी धरते.

या वस्तू विकता येतात का?

फडकी, पायपुसणी बचत गटाच्या प्रदर्शनात आम्ही ठेवतो आणि जातात. जुन्या मोज्यांची आहेत हे पाटीवर स्पष्ट लिहितो. लपवलं तर दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक येत नाही.

खेळण्यांचं वेगळं आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा माकडं विकायची असतील तर आधी ती नोंदणी करा. भाच्याला भेट द्यायला काहीच लागत नाही.

मोजा रफू करणं आता कोणी करतं का?

मी करते, आणि चांगला मोजा फक्त टाचेला फाटला असेल तर वस्तू करण्याआधी रफूच करा असं सांगते. आत नारळाची गुळगुळीत घासलेली अर्धी करवंटी घाला, भोक तिच्या पाठीवर ताणून घ्या. भोकाच्या बाहेर एक सेंटिमीटर चांगल्या विणीपासून उभे दोरे घाला, मग आडवे, वर-खाली, चटईसारखे. टोकाला दोरा ओढू नका आणि गाठ मारू नका, गाठ बुटात टोचते. दुसऱ्या रंगाचा दोरा घेतलात तर कुठे विणलं ते दिसत राहतं. माझ्या मुलीला तेच आवडतं, ती मुद्दाम पिवळा मागते.

सगळं करून उरलेल्या बारीक कातरणीचं काय?

सुया टोचायची उशी. बाळाच्या एका मोज्यात कातरण ठासून भरा, मधे एखादी वाटी कोरडी बारीक वाळू कापडात बांधून घाला म्हणजे उशी जागची हलत नाही, आणि तोंड शिवून टाका. माझी बहिणीच्या मुलाच्या पहिल्या मोज्याची आहे. तो आता दहावीला आहे.